पुराचा इशारा दिला तरी गाव हलत नाही: काय सांगावं, कसं सांगावं?

प्रश्न असा आहे: "शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात ग्रामपंचायत अधिकारी म्हणून माझा हा पहिलाच पावसाळा. वरून येणारे विसर्गाचे आणि पाणीपातळीचे निरोप मी गावच्या ग्रुपवर टाकते. लोक नमस्काराचं चिन्ह पाठवतात आणि घरीच बसतात. लवकर हलवलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकणार? उशीर झाला तर जीव जाईल. शिवाय घबराट पसरू देऊ नका, अशी वरून सूचना असते. नेमकं किती सांगू आणि कसं सांगू?"

कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातल्या गावांमध्ये पूर-इशारा आणि आपत्ती प्रशिक्षणाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकात एक अडकलेले आहेत. घबराटीपासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं तिथंच अडतं.

खरं सांगितलं तर लोक सैरावैरा धावत सुटतील, ही भीती अधिकाऱ्यांच्या मनात फार खोल बसलेली असते. अनुभव मात्र उलटा आहे. एन्रिको क्वारंटेली या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञाने संकटातल्या माणसांच्या वागण्याचा कित्येक दशकं अभ्यास केला. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष हा की खरी घबराट क्वचितच होते. माणसं बहुतेक वेळा इशारा ऐकून थांबतात. शेजाऱ्याला विचारतात, भावाला फोन लावतात, नदीवर जाऊन बघून येतात आणि मग ठरवतात. आपल्याकडे याहून वेगळं काही घडत नाही. निरोप आला की माणूस चहा घेऊन पाराकडे जातो आणि "काय म्हणतंय पाणी?" असं चार जणांना विचारतो. तुमचा निरोप पहिल्यांदा ऐकून कोणी उठणार नाही, हे गृहीतच धरा. तो पारावरच्या चर्चेत टिकला पाहिजे. चार जण बोलत असताना एकाने तरी म्हटलं पाहिजे, "न्हाई, मॅडमनी येळ सांगितलीय, घरं सांगितल्यात, खरं असंल."

म्हणून घबराटीच्या धास्तीने माहिती पातळ करू नका. "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" हे वाक्य कोणालाही घाबरवत नाही, तसंच कोणाला हलवतही नाही. सतर्क राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? दाराशी खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचं? लोक नेमकं तेच करतात आणि त्यांना वाटतं आपण सूचना पाळली.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. तुमचा निरोप ज्याच्याशी झगडतो तो गावाचा बेफिकीरपणा नाही. ती गावाची आठवण आहे, आणि ती खोटीही नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे लख्ख दिसलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, तिथं ५७ फुटांच्या वर गेलं. या दोन्ही जिल्ह्यांत असंख्य घरांमध्ये एकच वाक्य बोललं जात होतं: "२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येत न्हाई." ज्यांच्या घरात २००५ ला पाणी शिरलं नव्हतं ते निवांत होते. ज्यांच्या जोत्याला लागून गेलं होतं त्यांनी धान्याची पोती माळ्यावर चढवली आणि थांबले. चौदा वर्षांपूर्वीचा पूर हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा पूर होता आणि त्या आठवणीच्या हिशेबाने त्यांचा निर्णय अगदी समजूतदार होता. पाणी ती खूण ओलांडून गेलं तेव्हा रस्ते बंद झाले होते, वीज गेली होती. माडीवर अडकलेल्या माणसांना चहूकडे पाणी असून प्यायला घोट मिळेना. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता.

या लोकांना नुसतं "पाणी ५५ फुटांवर जाणार" असं सांगून काय उपयोग? तो आकडा त्यांच्या आठवणीशी कुठे जोडला जातच नाही. सांगायला हवं होतं ते असं: "२००५ ला जिथं पाणी थांबलं होतं, तिथं यंदा थांबणार नाही." आठवणीचं नाव घेऊन तिला ओलांडणारं वाक्य.

तुमच्या गावात आता २००५ ची जागा २०१९ आणि २०२१ ने घेतली आहे. इथं आणखी एक पेच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा कोल्हापुरात २०१९ पेक्षाही थोडी वर गेली आणि फार झपाट्याने चढली. सांगलीत मात्र कृष्णा त्या वर्षी २०१९ च्या खाली राहिली. एकाच पावसाळ्यात, एकाच खोऱ्यात, दोन शहरांच्या दोन वेगळ्या आठवणी तयार झाल्या. शिरोळ तालुका तर दोन्ही नद्यांच्या कचाट्यात आहे. नृसिंहवाडीला संगम. कृष्णेला पाणी असेल तर पंचगंगेला फूग धरते, म्हणजे तिचं पाणी पुढे न सरकता मागे तुंबतं, आणि कोल्हापुरात उतार पडला तरी तुमच्याकडे पाणी हलत नाही, कधी चढतच राहतं. "कोल्हापुरात उतरलं म्हणे" या एका वाक्यावर तुमच्या गावातली माणसं परत घराकडे निघतील. हे वाक्य तुमच्या कानावर येण्याआधी तुम्ही त्याचं उत्तर दिलेलं असलं पाहिजे.

फुटांचाही असाच घोळ आहे. प्रत्येक बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा. राजाराम बंधाऱ्याचे ४३ फूट आणि राजापूर किंवा नृसिंहवाडीचे ४३ फूट यांचा एकमेकांशी संबंध नाही. टीव्हीवर दिवसभर राजारामचा आकडा फिरतो, तो ऐकून खिद्रापूरचा माणूस आपल्या घराचा अंदाज बांधतो, आणि चुकतो. गावाला एकाच मोजपट्टीची सवय लावा. तुमच्या गावाला लागू पडणारी जी असेल ती. बाकीचे आकडे ग्रुपवर टाकूच नका.

वरून येणारा निरोप साधारण असा असतो: "राधानगरी धरणाचे चार स्वयंचलित दरवाजे उघडले. ७११२ क्युसेक विसर्ग सुरू. भोगावती व पंचगंगा नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." यात खोटं काही नाही. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला त्यातून सगळं कळतं. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे माहीत असलेल्या माणसालासुद्धा ७११२ क्युसेकने आपला गोठा भिजेल की नाही हे सांगता येणार नाही. राधानगरीचे दरवाजे पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं. "दरवाजे उघडले" म्हटलं की कोणीतरी मुद्दाम पाणी सोडलं असं वाटतं, आणि चर्चा पुराची सोडून सरकारकडे वळते.

तुमचं काम या निरोपाला गावात उतरवायचं आहे. मी असा लिहीन:

"मंगळवार, (तारीख), दुपारी २ वाजता. पंचगंगेला पाणी चढतंय, कृष्णाही भरून आहे, त्यामुळे फूग धरली आहे. आज मध्यरात्रीपर्यंत मळीतली वाट बंद होईल आणि उद्या सकाळपर्यंत कुंभारवाड्याच्या खालच्या अंगाला पाणी लागेल, असा अंदाज आहे. कुंभारवाडा आणि नदीवेशीतल्या घरांनी जनावरं घेऊन आज संध्याकाळी ५ च्या आत हायस्कूलवर यावं. वैरण आणि पिण्याचं पाणी तिथं आलेलं आहे. ट्रॅक्टर हवा असेल तर पोलीस पाटलांना आत्ताच सांगा. वरच्या आळीला आज हलायची गरज नाही. पुढचा निरोप संध्याकाळी ६ ला. तुमच्या ग्रामपंचायतीकडून."

डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेनसन या इशाऱ्यांच्या अभ्यासकांनी पाच गोष्टी सांगितल्या होत्या: धोका कसला, कुठे, कधी, काय करायचं, आणि सांगतंय कोण. वरच्या निरोपात त्या पाचही आहेत. पण मला त्यातल्या दोन ओळी जास्त मोलाच्या वाटतात. एक, "वरच्या आळीला आज हलायची गरज नाही." ज्यांना धोका नाही त्यांनाही स्पष्ट सांगितलं की बाकीच्यांना कळतं, हा निरोप सरसकट नाही, माझ्या घराचा विचार करून लिहिलाय. दुसरी, "पुढचा निरोप संध्याकाळी ६ ला." सहा वाजता नवीन काही नसलं तरी निरोप जायलाच हवा: "पाणी स्थिर आहे, दुपारचीच सूचना कायम." ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर त्या रिकाम्या जागेत पंधरा मिनिटांत कुठलातरी जुना व्हिडिओ येऊन बसतो. वार, तारीख आणि वेळही विसरू नका. २०१९ चे निरोप दर पावसाळ्यात नव्याने फिरतात, कारण त्यांवर तारीख नसते.

मळीतली, म्हणजे नदीकाठच्या रानातली, वाट कधी बुडते, कुंभारवाडा कधी, हे तुम्हाला कुठून कळणार? नकाशातून थोडंफार कळतं. पूररेषा आखलेल्या आहेत: निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. (या "शंभर वर्षांतून एकदा"ने फार नुकसान केलं आहे. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी. त्याचा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि एका घरात तीस वर्षं काढली तर त्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक. गावसभेत दुसऱ्या पद्धतीनेच सांगा.) पण घराघराचा हिशेब नकाशात नसतो, तो म्हाताऱ्या माणसांकडे असतो. कोल्हापुरात "रेडेडोह फुटला", म्हणजे त्या जागी पंचगंगा पात्राबाहेर पडली, म्हटलं की पन्हाळ्याकडच्या रस्त्याचं काय होणार हे जाणत्याला कळतं. सुतारवाड्यात पाणी आलं की पुढे कुठे येणार हे शहराला पाठ आहे. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि इनामदार प्लॉट आधी भिजतात. नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे दत्त मंदिरात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की नदी किती चढली, हे पंचक्रोशीला फूट न सांगता समजतं. अशा खुणा तुमच्या गावातही आहेत. कोणत्या पायरीला पाणी लागलं की कोणती वाट बंद होते, हे एका वहीत उतरवून घ्या आणि त्याच्यापुढे मोजपट्टीचा आकडा लिहा. ही वही जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या अधिकाऱ्याला ती सगळ्यात उपयोगी पडेल.

आता समजा निरोप अचूक दिला आणि लोकांनी तो मानलाही. तरीही ते हलत नाहीत. का?

म्हशीपायी. नदीकाठच्या घराचा रोजचा पैसा दुधाचा आहे. दोन म्हशी आणि एक गाभण गाय सोडून कोण जाईल? शाळेच्या वर्गात जनावरांना जागा नसते, वैरण भिजलेली असते, धार काढली तर दूध घालायचं कुठे? मग ठरतं असं की बायका-पोरं जातील, बाप्ये जनावरांपाशी राहतील. पुढे रात्री पाणी गोठ्यात आलं की तेच बाप्ये अडकतात. म्हणून मी नेहमी सांगतो की माणसं हलवायचा निरोप जनावरांपासून सुरू करा. "वैरण आली आहे, दूध संकलनाची गाडी सकाळ-संध्याकाळ हायस्कूलवर येईल" हे वाक्य "जीव धोक्यात आहे" या वाक्यापेक्षा जास्त माणसं घराबाहेर काढतं. दूध संस्थेच्या सचिवाशी आधी बोलून ठेवा आणि तो निरोप त्यांनाच देऊ द्या.

चोरीची भीती दुसरी. रिकाम्या गल्लीत रात्री गस्त कोण घालणार, हे नावानिशी सांगा. तिसरी गोष्ट बायका पुरुषांसमोर सहसा बोलत नाहीत: निवाऱ्यात संडास आहे का, त्याला कडी आहे का, दिवा आहे का. ते आशाताईंना विचारायला सांगा आणि उत्तर बायकांपर्यंत बायकांकडूनच पोहोचू द्या. ज्या घरात बाळंतीण आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, डायलिसिसवर कोणी आहे, त्यांना ग्रुपवरच्या निरोपाची वाट बघायला लावू नका. त्यांच्याकडे आदल्या दिवशीच माणूस जायला हवा.

सांगणारा कोण, यावर बरंच ठरतं. तुम्ही गावात नव्या आहात. तुमचा शब्द खरा असला तरी अजून कसाला लागलेला नाही. पोलीस पाटील, कोतवाल, दूध संस्थेचा माणूस, देवळातला गुरव, मशिदीतले मौलाना, बचत गटाच्या ताई, तालमीतली पोरं यांच्यापैकी कोणाचा शब्द कोणत्या आळीत चालतो हे शोधा. सगळ्यांच्या तोंडी मात्र निरोप एकच हवा, तीच वेळ, तीच घरं. दोघांनी दोन वेळा सांगितल्या की गाव सोयीची धरतं. यासाठी निरोप आधी एका कागदावर लिहायचा, तोच देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून वाचायचा, तोच ग्रुपवर टाकायचा. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाची नोंदणी असेल तर तोच सगळ्यांच्या फोनवर आवाजी निरोप म्हणून जाऊ द्या, म्हणजे वाचता न येणाऱ्यांपर्यंतही पोहोचेल. नुसता मोठा आवाज पुरत नाही. २०२३ मध्ये सरकारने मोबाईलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा फोन एकदम किंचाळल्यावर कितीतरी जणांना फोन बिघडला की हॅक झाला हेच कळेना. यंत्रणा चांगली आहे. पण त्या आवाजानंतर काय करायचं हे आधी सांगितलेलं नसेल, तर आवाज हेच एक कोडं होतं.

"पाणी आलंच नाही तर?" हा प्रश्न तुम्ही विचारला त्याचं मला बरं वाटलं, कारण बहुतेक जण तो मनातच ठेवतात आणि मग सावध राहून उशिरा सांगतात.

अंदाजाला अंदाज म्हणा. "पाणी येणार" असं छातीठोक सांगू नका आणि "येऊ शकतं" असं मोघमही नको. कशावर अवलंबून आहे ते सांगा: "धरणक्षेत्रात रात्रभर असाच पाऊस राहिला तर उद्या सकाळी कुंभारवाड्यात पाणी येईल. पाऊस ओसरला तर मळीतच थांबेल. पण रात्री हलता येणार नाही, म्हणून आज उजेडी हलायचं." या वाक्यात अनिश्चितता आहे आणि निर्णय पक्का आहे. लोकांना अनिश्चितता समजते, शेतकऱ्याला तर ती तुमच्या-माझ्याहून जास्त समजते. पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नसतानाच तो पेरणी करतो. त्याला चीड येते ती फसवल्याची. म्हणून पाणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी गप्प बसू नका. भोंग्यावरूनच सांगा: "काल रात्री धरणक्षेत्रात पाऊस कमी झाला, म्हणून पाणी मळीत थांबलं. तुम्ही हललात ते योग्यच केलंत. पुन्हा पाऊस वाढला तर पुन्हा सांगू." कारण कळलं की फुकट गेलेला इशारा लोक सहज माफ करतात. स्पष्टीकरण न देता सोडून दिलेला इशारा मात्र पुढच्या वेळी आडवा येतो.

उशिराची किंमत काय असते, यासाठी ब्रह्मनाळ पुरेसं आहे. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं हे गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला गावाला पाण्याने वेढा दिल्यावर लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या बोटीवर कोण चढलं, का चढलं याची चर्चा खूप झाली. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पाण्याने वेढल्यावर माणूस रांगेत थांबत नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही करू नये. सगळ्या शिस्तीची वेळ त्याच्या आधी असते, रस्ता कोरडा असताना.

अफवांचं बघू. "धरण फुटलं" ही अफवा तुमच्या गावात येणारच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोनच दिवसांनी विलेपार्ल्याच्या नेहरूनगर वस्तीत रात्री बातमी पसरली की धरण फुटलंय, त्सुनामी येतेय. अरुंद गल्ल्यांमधल्या चेंगराचेंगरीत माणसं मेली. आदल्या डिसेंबरातली त्सुनामी टीव्हीवर पाहिलेली, दोन दिवसांपूर्वीचा पूर अंगावर घेतलेला, वीज नाही, आणि विश्वासाने विचारावं असं कोणी नाही. वर मी म्हटलं की घबराट क्वचित होते. ती जेव्हा होते तेव्हा अशी होते: धोका दिसतो, वाट अरुंद असते आणि खरं सांगणारा आवाज नसतो. म्हणजे घबराट टाळायची तर माहिती वाढवायला हवी.

अफवा खोडताना अफवेचं वाक्य मोठ्या अक्षरांत परत लिहू नका. "धरण फुटल्याची अफवा खोटी आहे" या ओळीतले पहिले दोन शब्द लोकांच्या डोक्यात राहतात. खरं आधी सांगा: "धरण सुरक्षित आहे. रात्री ९ वाजता धरणावरच्या शाखा अभियंत्यांशी बोललो. मोजपट्टीचा आत्ताचा फोटो सोबत आहे." मग एका ओळीत, की दुसरं काही ऐकलं असेल तर ते खरं नाही. आणि ज्याने अफवा पाठवली त्याला ग्रुपवर फाडून खाऊ नका. बहुतेक वेळा तो माणूस स्वतःच घाबरलेला असतो आणि आपल्या लोकांना वाचवायला निरोप पुढे ढकलतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये खोट्या इशाऱ्याबद्दल एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ती मुद्दाम खोडसाळपणा करणाऱ्यासाठी राखून ठेवा. भीतीच्या अफवेला वेळेत उत्तर मिळालं नाही तर ती कुठवर जाते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला पाहिलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्या अफवा कित्येक दिवस फोनवर फिरत होत्या.

एक वाक्य मात्र तुमच्या तोंडी कधीच येऊ देऊ नका: "घाबरू नका, सगळं नियंत्रणात आहे." किल्लारीच्या भागात १९९२ पासून जमिनीला धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली फार मोठी संख्या मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर पडून. भूकंप कधी होणार हे कोणी सांगू शकत नव्हतं, आजही शकत नाही. पण "तुमच्या घराची भिंत आणि माळवद धोक्याचं आहे, त्यासाठी एवढं करता येईल" हे धीराच्या शब्दांपेक्षा कितीतरी उपयोगी बोलणं होतं. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काम द्या, भीती आपोआप कमी होते. आणि घाबरणं चूक आहे असं त्याला वाटू देऊ नका. "भीती वाटणारच, मलाही वाटते, म्हणून ही तीन कामं आत्ता करू" असं बोला.

लोकांचा राग हाही तुमच्या कामाचा भाग आहे. पीटर सँडमन या जोखीम-संवादाच्या सल्लागाराने म्हटलं आहे की लोकांच्या लेखी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक संताप. २०१९ मध्ये मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले दिसले, त्यानंतर कित्येक दिवस लोकांना पाण्यापेक्षा त्या फोटोंचाच राग जास्त होता, आणि त्या रागात चांगल्या सूचनाही वाहून गेल्या. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचंही तेच. पूर आला की "अलमट्टीनं पाणी अडवलं" हा विषय निघतोच. २०१९ नंतर पुराची कारणं तपासायला नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला या पुराचं कारण मानलं नाही, तरी नदीकाठच्या अनेकांचं समाधान झालेलं नाही. पाणी चढत असताना तो वाद जिंकायला जाऊ नका. "अलमट्टीतून आज एवढा विसर्ग सुरू आहे, आणि काहीही असलं तरी आपल्याला संध्याकाळी ५ च्या आत हलायचं आहे" इतकं सांगून पुढे जा. बाकीचं पाणी उतरल्यावर गावसभेत मोकळेपणाने बोलता येईल. कोणी तुमच्यावर ओरडला तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ज्याचा ऊस सलग तिसऱ्यांदा कुजला त्याला पहिल्या वाक्यात पंचनाम्याची पद्धत ऐकायची नसते.

हवामान खात्याच्या रंगांबद्दल थोडंसं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ते पावसाचे इशारे आहेत, तुमच्या नदीचे नव्हेत. शिरोळात ऊन पडलेलं असताना पूर येऊ शकतो, कारण पाऊस राधानगरी-गगनबावड्याला आणि महाबळेश्वर-कोयनेला पडत असतो. गावाला हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं, विशेषतः तरुण पोरांना, कारण ती फोनवरचं आपल्या गावाचं हवामान बघून ठरवतात.

पाणी उतरल्यावर निरोप थांबवू नका. घरी परतताना मीटर बंद करून तपासणी होईपर्यंत वीज सुरू करू नये, साप-विंचू बघून मगच सामान हलवावं, टाकीत मेडिक्लोर (पाणी शुद्ध करणारं औषध) टाकावं, चिखलातून फिरल्यावर ताप आला तर अंगावर काढू नये. एवढं तरी आळीनुसार सांगा, आणि कोणती आळी कधी परतू शकते तेही.

सगळ्यात जास्त काम मे महिन्यात असतं. गावसभा बोलवा आणि खुणांची वही सगळ्यांदेखत वाचा. विजेच्या खांबांवर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या रेषा रंगवून घ्या, आणि सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर थोडी जागा मोकळी सोडून तिथं लिहा, "इथपर्यंतही येऊ शकतं." कोणत्या आळीचा निरोप कोण देणार ती नावं ठरवा, त्यांत बाया असू द्या. भोंग्याला बॅटरी आहे का ते चालवून बघा, कारण पुरात वीज सगळ्यात आधी जाते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराघरांत लिहून लावा. आणि मंडल अधिकाऱ्यांकडून आत्ताच लेखी घ्या, की गावातली अमुक खूण बुडाली की वरच्या आदेशाची वाट न बघता लोकांना हलायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला आणि पोलीस पाटलांना आहे.